भुंग्या परसात का जाईना

खूप जुनी गोष्ट आहे; लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी. नदीकाठच्या एका गावात एक कोष्टी आणि त्याची बायको राहत होती. घरात एक हातमाग होता आणि एक काळा कुत्रा होता. कुत्र्याचं नाव भुंग्या.

भुंग्या पिल्लू असतानाच घरची रीत शिकला होता. लघवी लागली की तो मागच्या दाराशी जाऊन उभा राही. दार उघडलं की परसातल्या चिंचेखाली जाई आणि मोकळा होऊन परत येई. इतक्या वर्षांत घरात त्याने एक थेंब सांडला नव्हता. कोष्टी आल्यागेल्याला कौतुकाने हे सांगे.

आणि एके सकाळी मागाखाली ओलं दिसलं.

कोष्ट्याने ते पुसलं. मग एकदा धान्याच्या कणगीपाशी ओलं झालं, आणि एकदा सुताच्या ढिगावर. ते सूत साधं नव्हतं. गावदेवीला उत्सवात नेसवायचं लुगडं त्यातून विणायचं होतं.

कोष्ट्याचा तोल गेला. त्याने भुंग्याला मानगुटीला धरून त्या ओल्यापाशी नेलं, त्याचं नाक त्यात घासलं आणि काठीने मारलं.

"सगळं कळतं याला," तो म्हणाला. "माजलाय नुसता."

"अहो, माजलेलं जनावर असं शेपूट पोटाशी घेऊन बसतं का?" बायको म्हणाली. "इतकी वर्षं नीट वागला. आत्ताच काय झालं, ते बघा की."

"बघायचंय काय त्यात?"

मग कोष्टी त्याला दोरीने बांधून परसात नेऊ लागला. हातात काठी घेऊन समोर उभा राही आणि म्हणे, "कर." भुंग्या कान पाडून उभा राही, पण काही करत नसे. घरात आणलं आणि कोष्ट्याची पाठ वळली, की तो सरपणामागे नाहीतर बाजेखाली जाऊन मोकळा होई. मार वाढला तसे कोपरेही वाढले.

शेवटी कोष्ट्याने ठरवलं, याला नदीपलीकडे सोडून यायचं.

बायको दारात उभी राहिली. "सोडून याल तुम्ही," ती म्हणाली, "पण असं का झालं ते कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

कोष्टी भुंग्याला घेऊन निघाला. काठी घरीच राहिली, दोरी तेवढी हातात होती. वाटेत झाडं लागली, दगड लागले, गवत लागलं. भुंग्या प्रत्येक ठिकाणी थांबे, हुंगे, कोष्ट्याकडे बघे आणि तसाच पुढे चाले. उथळ पाण्यातून दोघे नदी ओलांडून गेले. पलीकडे आमराईत कोष्ट्याने दोरी सोडली.

"जा," तो म्हणाला. भुंग्या तिथेच बसला.

कोष्ट्याला तहान लागली होती. तो पाण्याशी गेला, ओंजळीने पाणी प्याला आणि त्याने सहज मागे वळून पाहिलं. भुंग्या निरगुडीच्या झुडपाआड गेला होता आणि मोकळा होत होता. सकाळपासून तुंबलेलं, ते संपता संपेना.

तेवढ्यात भुंग्याची नजर कोष्ट्यावर पडली. तो अर्ध्यातच थांबला, जमिनीला चिकटला आणि त्याने डोळे घट्ट मिटले. तो मार खायची वाट बघत होता.

कोष्टी होता तिथेच उभा राहिला. कुठे करू नये हे शिकवायला तो गेला होता. भुंग्या मात्र वेगळंच शिकला होता: मालकाच्या समोर करू नये, घरात नाही, परसात नाही, कुठेच नाही.

तो जाऊन त्याच्याजवळ मातीत बसला. बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "चल, घरी जाऊ."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. "तुझं खरं होतं. पण पहिल्या दिवशी तर मी बोटही लावलं नव्हतं. तेव्हा का केलं असेल?"

"तेच तर मी विचारत होते," ती म्हणाली.

या वेळी त्यांनी दोरी न लावता मागचं दार उघडलं आणि दोघे खिडकीतून बघत राहिले. भुंग्या पायरीपर्यंत गेला. चिंचेकडे बघून तो थरथरू लागला. घरात पहिल्यांदा ओलं दिसलं त्याच सुमारास शेजारच्या पैलवानाने टकरीचा एडका आणला होता आणि त्याचा लांब दोर थेट चिंचेपर्यंत पोचत होता. एडक्याने मान खाली घातली, खूर आपटला, आणि भुंग्या धावत घरात आला.

एडका कोष्ट्यानेही रोज पाहिला होता. पण त्याची नजर कुत्र्यावर असे आणि कुत्र्याची एडक्यावर.

पैलवानाला सांगताच तो ओशाळला. "आधी बोलायचंत ना," असं म्हणून त्याने एडका त्याच दिवशी आपल्या पुढच्या अंगणात बांधला. कोष्ट्याने काठी चुलीत घातली. खराब झालेलं सूत बाजूला काढून त्याने नव्या सुताचं लुगडं मागावर चढवलं.

भीती मात्र एका दिवसात जात नाही. रोज सकाळी कोष्टी परसात जाऊन भुंग्याकडे पाठ करून बसे. तो काही म्हणत नसे आणि वळूनही बघत नसे. भुंग्या आधी पायरीवर थांबे, मग परसाच्या मधोमध, मग चिंचेच्या जवळ. एके सकाळी तो पुढून वळसा घालून कोष्ट्याच्या अगदी समोर आला, त्याने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि चिंचेच्या बुंध्यावर ऐटीत पाय वर केला.

कोष्ट्याने अशी आरोळी ठोकली की शेजारीपाजारी धावत आले.

"काय झालं?" पैलवानाने विचारलं.

"भुंग्याने चिंचेखाली केली!"

पैलवान हसता हसता खाली बसला. कोष्ट्याच्या बायकोने साऱ्यांच्या हातावर गूळ ठेवला. आणि भुंग्या कुस्ती मारलेल्या गड्यासारखा मान ताठ करून परसभर धावत सुटला. त्यानंतर ते घर पुन्हा कधी ओलं झालं नाही.

तात्पर्य: शिक्षेने चूक थांबत नाही, फक्त लपते; ती थांबवायची तर तिचं कारण शोधावं लागतं.