भुजंगरावांची पाटी

"पण भन्ते, पाटी लावायची कुठं? तेवढं सांगा!"

सरपंच भुजंगराव लेण्याच्या दारात घाम पुसत उभे. ग्रामपंचायतीनं बौद्ध लेणं जपायचा ठराव केला होता. जपणं अजून व्हायचं होतं, संगमरवरी पाटी मात्र आधीच नटून हजर. तिच्यावर 'वारसा संवर्धन' मुंगीएवढं, आणि 'भुजंगराव' असं, की पलीकडच्या डोंगरावरच्या म्हशीनंही वाचावं.

उद्या बुद्धपौर्णिमा. अख्खा तालुका येणार. आज पाटी लागली नाही, तर भुजंगरावांचं नाव बघणार कोण?

म्हातारे भन्ते सुमेध पायरीवर सावलीला बसले होते.

"भिंतीवर लावू?"

"तिथं जुनी अक्षरं आहेत. त्यांना खिळा सोसवेल का?"

"मग दारावर?"

"वर वटवाघळं राहतात. ती खाली कुणाचं नाव आहे ते बघत नाहीत."

"मग काय, डोक्यावर घेऊन हिंडू?"

भन्ते हसले. उठले. लेण्यापुढं दगडात कोरलेली पाण्याची पोढी होती, काठोकाठ गाळानं भरलेली. त्यांनी काठी खुपसली. अर्धी काठी गडप.

"इथं लावा. तळाला."

"गाळाखाली?"

"तळ पक्का आहे..."

भुजंगरावांनी पाटीकडं पाहिलं, गाळाकडं पाहिलं. मग लेंगा गुडघ्यावर दुमडला आणि ओरडले, "घमेली आणा रे!"

पाटी घेऊन आलेली सगळी पंचायत पोढीत उतरली. विरोधी गटाचे तात्या "आमचा याला विरोध आहे" म्हणत सगळ्यात मोठं घमेलं उचलत होते. उपसरपंच सुलाबाई चिखलातनं ओरडल्या, "अहो सरपंच, सभेत बसण्यापेक्षा हे बरं की! इथं झोप तरी येत नाही."

तात्या घसरले. त्यांना धरायला गेले ते सरपंचही आडवे. मिशीसकट माखले, आणि पडल्या पडल्या खो खो हसत सुटले.

उन्हं कलताना खोरं खणकन वाजलं. दगड लागला! कोपऱ्यातल्या फटीतून झरा फुटला. आधी गढूळ... मग नितळ. घोट्याला आला, पोटरीला आला. सुलाबाईंनी ओंजळ भरून सरपंचांच्या तोंडावरच उडवली.

भुजंगराव पाणी प्याले. डोळे मिटले. पुन्हा प्याले.

बाहेर आले तोवर पाणी कमरेएवढं झालेलं. तेव्हा कुठं त्यांना आठवण झाली.

"अहो भन्ते! आपली पाटी राहिली की!"

भन्ते काठाशी वाकले. ओंजळभर पाणी सावकाश प्याले...

"बसवू की, सरपंच. पुन्हा तळ दिसला, म्हणजे."