बटाटेपरी आणि मैनाचे दोन वर

मैनाच्या घरात त्या दिवशी एकच बटाटा उरला होता, तोही सुरकुतलेला आणि कोंब फुटलेला. आई दुसऱ्यांच्या शेतात बटाटे वेचायला गेली होती, आणि धाकट्या गोट्यानं "भाजी हवी" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं.

बटाटा धुवायला मैना परसात आली, तर तिथे इवलीशी, गोलमटोल, सोनेरी परी उन्हात धापा टाकत पडलेली! चंदेरी पंख, नाकाला माती, आणि गाल हिरवे पडत चाललेले.

"बघत काय बसलीस? झाक मला! ऊन लागलं की आम्ही बटाटेपऱ्या हिरव्या पडतो."

मैनानं भराभर ओंजळीनं तिच्यावर गळ्यापर्यंत माती ओढली. परीचे गाल पुन्हा सोनेरी झाले.

"गुणाची गं पोर! दोन वर माग. पण मातीत मावेल तेच मागायचं, आणि उगवलेल्या रोपांची पानं पिवळी पडेपर्यंत उकरून बघायचं नाही."

"गोट्याला ताटभर भाजी द्या, परीमावशी."

"मातीत भाजी? फोडणी काय गांडुळं घालणार?"

"मग पुष्कळ बटाटे द्या."

"ते तुझ्या हातातल्याचेच होतील. फोडी कर, प्रत्येकीवर एकेक कोंब ठेव आणि पूर."

म्हणजे आजची भाजी गेलीच! मैनाला रडू आलं. तरी तिनं फोडी पुरल्या आणि आपल्या वाटची पेज गोट्याला दिली. त्यानं पेजही संपवली आणि भोकाडही पसरलं.

हिरवीगार रोपं वर आली, पांढरी-जांभळी फुलं डोलू लागली. मैना रोपांना मातीची भर लावायची. गोट्याची बोटं मात्र शिवशिवत. एका दुपारी त्यानं माती उकरलीच. आत बोराएवढा बटाटा! तेवढ्यात खालून आवाज आला, "दार लाव आधी! ऊन येतंय!"

गोट्यानं धूम ठोकली. मैनानं धावत येऊन माती लोटली. "मावशी, लहान आहे तो. रागवायचं तर मला रागवा."

"रागवत नाही. पण पाणी आता त्यालाच घालू दे," परी मातीतून पुटपुटली.

पुढे पानं पिवळी पडली, रोपांनी माना टाकल्या. "मेली गं सगळी!" गोट्यानं गळा काढला. मैना हसून खुरपं घेऊन बसली. मातीतून टपोरे बटाटे घरंगळत आले, आणि त्यांच्यामागून जांभई देत परी.

"दुसरा वर?"

आई कंबर चोळत कामाला निघाली होती. मैना म्हणाली, "आईला दुसऱ्यांचे बटाटे वेचायला जावं लागू नये."

परीचे डोळे भरून आले. "मावेल की हे मातीत!" म्हणत तिनं पंख झटकले. लखलख उजेड पडला आणि त्यात ती दिसेनाशी झाली. घरामागचा त्यांचा जमिनीचा खडकाळ तुकडा आता काळाभोर झाला होता आणि वरंब्यावरंब्यातून बटाटे डोकावत होते.

आई टोपली घेऊन वाकली. टोपली भरायला तिला फार वेळ लागला, कारण प्रत्येक बटाटा ती पदराला पुसून बघत होती.