तांब्याचा हात आणि पलीकडचे वस्ताद

एका राज्यात, जिथे नद्या सकाळी उत्तरेला आणि दुपारनंतर दक्षिणेला वाहत, भानुसेन नावाचा राजा होता. त्याला एकच मुलगी, मेदिनी. तिला पट्टा शिकवायला एक वस्ताद ठेवले होते. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत पोलादी मूठ असलेली लांब, लवलवती तलवार.

वस्तादांचे नाव ओरेन. ते समुद्रापलीकडून आले होते. तालमीतली मुले त्यांना ‘पलीकडचे’ म्हणत. ते भाकरी दोन्ही हातांनी धरून खात, यावर मुले हसत. ते शस्त्र डाव्या हातात धरायला शिकवत, यावर तर फारच हसत. मेदिनी हसत नसे. पण हसणाऱ्यांना ती गप्पही करत नसे.

त्या राज्याची रीत अशी, की शस्त्रपूजेच्या दिवशी प्रत्येक शिष्याने तालमीची तांबडी माती कपाळाला लावायची, भर दरबारात गुरूचे नाव आणि गुरूचा देश पुकारायचा, आणि मगच शस्त्राला हात घालायचा. राजघराण्यातल्यांसाठी खजिन्यातला जुना पट्टा काढत. तो शापित होता. जो गुरू लपवून तो चढवील त्याचा हात तांब्याचा होईल, आणि तांबे काळजापर्यंत पोहोचले की त्याचा पुतळा होईल, असे पात्यावरच कोरले होते. आजवर कोणी गुरू लपवला नव्हता, म्हणून ते कोणी वाचतही नसे.

मेदिनीची पाळी आली. दूरदूरचे राजे पाहुणे आले होते. आत्येभाऊ रुद्रक मागून कुजबुजला, “पुकार ना! आमच्याकडे शिकवणारं कोणी उरलं नाही, म्हणून पलीकडून आणलं, सांग सगळ्यांना.”

दोघे-तिघे खुसखुसले. मेदिनीने दाराकडे पाहिले. तिथे ओरेन वस्ताद उभे होते. त्यांनी आज पहिल्यांदाच या राज्यातला फेटा बांधला होता. तो एका कानावर घसरला होता.

मेदिनीचे कान तापले. “माझे गुरू सेनापती वीरभद्र,” ती म्हणाली, “याच राज्याचे.” आणि तिने पट्टा उजव्या हातात चढवला.

म्हाताऱ्या वीरभद्रांनी तिला कधीच काही शिकवले नव्हते. त्यांनी मान खाली घातली, पण ते बोलले नाहीत. वस्तादांनी फेटा उतरवला, त्याची नीट घडी घातली, दारावरच्या शिपायाच्या हातात दिली आणि ते निघून गेले. त्याच क्षणी पट्ट्याची मूठ आवळली. मेदिनीचा हात कोपरापर्यंत तांब्याचा झाला.

“कन्ये, हे कशाने झालं?” राजाने विचारले. मेदिनी खिडकीकडे वळली.

खिडकीत एक तांबट पक्षी येऊन बसला. “मी सांगू त्यांना?”

“नको.”

“मग ऊठ. वस्ताद दक्षिणेच्या बंदराकडे गेलेत. वाटेत दोन पहारे आहेत. तिसरं काम तिथे पोहोचल्यावर सांगेन.”

मेदिनीने डाव्या हातात आखूड तलवार घेतली आणि ती निघाली.

पहिला पहारा दगडी लांडग्याचा होता. तो झेपावला. मेदिनीने डाव्या हाताने असा वार केला, की त्याचे दात खडीसारखे गळून पडले. “सुरेख,” लांडगा बोबडे बोलला. “कोणाचा वार हा?”

“माझाच,” मेदिनी म्हणाली. वाट मोकळी झाली, आणि तांबे खांद्यापर्यंत चढले.

दुसरा पहारा चेटकिणीचा. “या झाडावरून पडणारा थेंब जमिनीला टेकण्याआधी कापून दाखव,” ती म्हणाली. मेदिनीने कापला. “कोणी शिकवलं गं?”

“होते एक… परके.”

तांबे गळपट्टीच्या हाडापर्यंत आले. श्वास घेताना आत काहीतरी खणखणले.

“होते एक!” तांबट तिच्या डोक्यावरून उडत म्हणाला. “वा, राजकन्ये!”

बंदरावर ओरेन वस्ताद होडीचा दोर गुंडाळत बसले होते. तांबट डोलकाठीवर बसला. “तिसरं काम. पुकार. नाव आणि देश.”

मेदिनीने तोंड उघडले. नाव तिला ठाऊक होते. देश ठाऊक नव्हता. दुधाचे दात पडायच्या आधीपासून ती त्यांच्या हाताखाली शिकत होती. तिला जमिनीकडेसुद्धा बघवेना.

“वस्ताद,” ती हळूच म्हणाली, “तुमचा देश कोणता?”

वस्ताद थांबले. “हे मला तुमच्या राज्यात पहिल्यांदा कोणी विचारलं. तिवाल. तिथे जमीन थोडी, पाणी फार. चाचे चालून येतात तेव्हा उजव्या हातात शिडाचा दोर असतो. तो सुटला की होडी उलटते. म्हणून आमचं शस्त्र डाव्या हातात.”

“मला वाटायचं, ती तुमची खोड आहे.”

“कळायचं मला.”

“क्षमा करा.”

“केली.”

तांबे तसूभरही हलले नाही. “तू खोटं माझ्याजवळ बोलली नव्हतीस,” वस्ताद म्हणाले. “ज्यांच्यासमोर बोललीस, त्यांच्याकडे जा.”

“तुम्ही चला ना बरोबर.”

“मी समोर असलो तर माझं मन राखायला बोलशील. एकटी जा.”

दरबार भरलेला होता. राजकन्येचे काय होते, हे बघायला पाहुणे थांबलेच होते. “आला बघा पुतळा,” रुद्रक म्हणाला. मेदिनीला वाटले, पुतळा झालेलेच बरे. पुतळ्याला कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. तिने डाव्या हाताने माती कपाळाला लावली.

“माझे गुरू ओरेन,” तिचा आवाज चिरकला. तिने पुन्हा म्हटले, “माझे गुरू ओरेन. देश तिवाल. माझा डावा हात त्यांच्या देशाने घडवला आहे. तुम्ही हसाल म्हणून मी त्यांना लपवलं. ते दारात उभे होते.”

कोणी हसले नाही. हसले असते तर तिला सोपे गेले असते. वीरभद्र काठी टेकत उठले. “आणि मी गप्प बसलो,” ते म्हणाले.

तांबे खाली उतरू लागले. खांदा, कोपर, मनगट, बोटे. पट्टा फरशीवर पडला, आणि पात्यावरची अक्षरे पुसली गेली.

राजाने पालखी पाठवली. वस्ताद आले, पण पायी. पालखी मागून रिकामी आली. दुसऱ्या दिवशी तालीम नेहमीसारखी भरली. रुद्रकही डाव्या हातात शस्त्र घेऊन रांगेच्या टोकाला उभा राहिला. राज्याची घडी पुन्हा बसली.

मेदिनी मात्र मातीकडे बघत उभी होती. वस्ताद तिच्यासमोर आले.

“मान वर,” ते म्हणाले. “खाली बघून पट्टा चालत नाही.”