बेटावरची दुपारची हाक

"सगळं केलं, महाराज. एक नेम चुकवला नाही. मग मन असं का विझलं?"

विश्वंभरानं हे विचारलं तेव्हा सोमगिरी महाराज नुकतेच होडीतून उतरून बेटावरच्या झोपडीत टेकले होते. पाणी प्यायचीही उसंत त्यानं दिली नाही.

मठाची रीत जुनी. पावसाळा लागला की एका शिष्यानं नदीतल्या या बेटावर एकट्यानं राहायचं. पुरात होडी येत नाही. पाणी उतरलं की गुरूंनी स्वतः येऊन त्याला न्यायचं. जो प्रसन्न चेहऱ्यानं परतेल, त्याच्याच हाती पुढे मठ. विश्वंभराचा डोळा त्यावर होता, हे मठातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

आणि आता हा चेहरा! गालफडं बसलेली, नजर जमिनीला खिळलेली.

"काय काय केलंस?"

"पहाटे उठायचो. अंगण झाडायचो, सूर्यनमस्कार घालायचो. मनातल्या मनात अध्याय पाठ केले. वाती वळल्या, भाजीचा वाफा राखला. निजताना दिवसातली एक चांगली गोष्ट आठवायची, तेही केलं."

"आठवायची?"

"आधी आठवायची. मग शोधावी लागायची. शेवटी शेवटी... नुसताच पडून राहायचो."

महाराजांनी मान हलवली.

"आणि दुपारची हाक?"

विश्वंभर चपापला. मठातला कुणीही जेवायला बसण्याआधी दारात उभा राहून ओरडतो, 'कुणी उपाशी आहे का हो?' कुणी आलं तर आधी त्याला वाढायचं, मग आपण बसायचं.

"इथं कोण येणार, महाराज? चहूकडे पूर. पाण्याला काय विचारायचं? म्हणून मी मौन धरलं. आज तुमची होडी दिसली तेव्हा सोडलं. नेमात नव्हतं ते. मी आपणहून धरलं होतं."

एवढं बोलताना त्याची मान जराशी ताठ झालीच.

"दुपारी काहीच ऐकू यायचं नाही?"

विश्वंभर चुलीतलं लाकूड पुढे सारू लागला.

"विश्वंभरा?"

"पलीकडच्या काठावरून एक म्हातारी ओरडायची. 'बुवा, जेवलात का?' मला वाटलं, मौनाची परीक्षा आहे. मी दार लावून घ्यायचो."

"मग?"

"मग एक दिवस ती ओरडायची थांबली. मला बरं वाटलं... महाराज, खरंच बरं वाटलं."

महाराजांनी दारातून पलीकडच्या काठाकडे पाहिलं.

"ठकूबाई ती," महाराज म्हणाले. "तिच्या खोपटाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला ओढा. पावसाळ्यात तीही अडकून पडायची. मी इथं राहायचो तेव्हा माझी हाक गेली की ती ओरडायची, 'मी जेवले, तुम्ही बसा!' मग मी बसायचो. माझे पावसाळे त्यावर निघाले."

विश्वंभर ताडकन उठला. "मी आत्ता जातो. पाय धरतो तिचे."

"मी तिकडूनच आलो."

महाराजांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"ओढ्यापलीकडच्या गुराख्यांना ती ओरडून सांगायची म्हणे, 'बेटावरच्या बुवाला बघा रे कुणी, तो ओ देत नाही.' पण पुरात कोण येणार? ओढा उतरल्यावर लोक तिच्या खोपटात गेले. चूल कधीच थंड झाली होती. तीही."

विश्वंभर पुन्हा चुलीपाशी बसला. त्याला रडूही नीट येईना. आपल्याला ज्या आवाजाची इतकी गरज होती तोच आपण रोज दाराबाहेर ठेवला, आणि त्या आवाजाला आपली गरज होती हे मनातही आलं नाही. पाठ केलेल्या एवढ्या अध्यायांतली एक ओळ त्याच्या कामी येईना.

चुलीवर भात शिजला होता. महाराज उठले. त्यांनी स्वतः ताट वाढलं, विश्वंभरापुढं ठेवलं आणि दाराकडे बोट दाखवलं.

तो दारात जाऊन उभा राहिला. नदी आता शांत होती. पलीकडचं खोपटं स्पष्ट दिसत होतं. पावसाळाभर न दिलेली हाक त्यानं हळूच दिली.

"कुणी... उपाशी आहे का हो?"

पाण्यावरून काहीच आलं नाही.

मागून महाराज म्हणाले, "जरा मोठ्यानं. तिला कमी ऐकू यायचं."