उलटुलीचा कोपरा

एक होती पेशी. किती मोठी? नुसत्या डोळ्यांना दिसायचीच नाही, एवढी मोठी!

त्या पेशीत राहायची उलटुली. उलटुली म्हणजे इवलीशी पट्टी. अंगावर बटणेच बटणे.

एकदा काय झाले? पेशीला हवे तेवढे प्रथिनांचे लाडू झाले. तरी आणखी झाले. गडगड गडगड एक लाडू आला. उलटुलीच्या कोपऱ्यात बसला. धप्प!

"लाडू, लाडू, माझा कोपरा सोड."

"मी कसला सोडतोय! मागून दुसरा ढकलतोय. आधी लाडू वळणाऱ्या काकांना थांबव."

उलटुली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. रायबोसोमकाका पेशीतले आचारी. गरगर गरगर लाडू वळत होते.

"काका, काका, लाडू उठेना, कोपरा मिळेना. तुम्ही थांबा."

"मी कसा थांबू? ताई सांगते, मी वळतो. आधी तिला गप्प कर."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. निरोपताई म्हणजे लांब पट्टी. अंगावर काजेच काजे.

"ताई, ताई, काका थांबेनात, लाडू उठेना, कोपरा मिळेना. तू गप्प बस."

"मी कशी गप्प बसू? आजोबांचा निरोप आहे. आधी त्यांना विचार. आणि तू गं कोण? तुझं तर सगळंच माझ्या उलटं!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. जनुकआजोबा जाड पोथीसारखे. पान उघडून बसलेले.

"आजोबा, आजोबा, ताई गप्प बसेना, काका थांबेनात, लाडू उठेना, कोपरा मिळेना. तुम्ही पान मिटा."

"मी कशाला मिटू? बटणं दाखव बघू."

आजोबांनी एकेक बटण तपासले. दोनदा तपासले.

"अगं, पानाच्या एका बाजूवरून ताई घडवली. दुसऱ्या बाजूवरून तू! जिथे तिचं काज, तिथे तुझं बटण. तिला गप्प करायचं काम तुझंच."

"माझंच?"

"दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

उलटुली ताठ झाली. सुळुक सुळुक परत आली. ताईला बिलगली.

टिच! टिच! टिच!

ताई गप्प बसली. काका थांबले. लाडू उठला. गडगड गडगड दूर गेला. कोपरा मिळाला!

काका म्हणाले, "एवढीशी पट्टी, आणि बंद माझी भट्टी!"

"उलटी आहे ना," उलटुली म्हणाली, "म्हणूनच बरोब्बर बसते."

ताईला कुशीत घेऊन ती कोपऱ्यात बसली. ऐटीत!

बटण लागले टिच्च, गोष्ट मिटली इथंच.