खिंडीतले धोंडे

इराणच्या डोंगरांत जनावरांचे राज्य होते, तेव्हाची गोष्ट. सरहद्दीवर वाघांशी लढाई जुंपली होती. सिंहाने हुकूम काढला, "लढाई संपेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही."

पण रानबकऱ्या दर उन्हाळ्यात खिंडीतून वरच्या कुरणात जात. त्यांनी बंड केले.

सिंहाने बहराम नावाच्या धिप्पाड कुत्र्याला फौज देऊन पाठवले. बकऱ्यांनी कड्यावरून असे धोंडे लोटले, की तो तीनदा शेपूट घालून पळाला. चौथ्यांदा हरला तर सरदारकी जाणार होती. शेवटी तो एकटाच बकऱ्यांची म्होरकी गुलनार हिच्याकडे गेला.

"म्हातारे, हट्ट सोड."

"सरदार, खाली गवत करपलंय. पोरांनी काय तुमचा हुकूम चघळायचा?"

बहरामने खालच्या पिवळ्या पडलेल्या उताराकडे पाहिले.

"बरं, वाघ येतील कुठून?" गुलनारने विचारले.

"वरच्या कुरणाकडून."

"तिथं धोंडे लोटायला कोण ठेवलंय?"

बहरामने ठेचलेला पंजा चाटला आणि फौज बाजूला घेतली. कळप वर गेला.

त्या उन्हाळ्यात वाघ आले आणि बकऱ्यांच्या धोंड्यांचा मार खाऊन परतले.

सिंह खूश झाला. "बहराम, बकऱ्यांना वठणीवर कसं आणलंस?"

"वाट सोडली, हुजूर," बहराम म्हणाला आणि उन्हात आडवा झाला.