कानशीनं घासलेली नावं

एका खाडीकाठच्या गावात एक नियम होता. बुडालेल्या गलबतातून वर आणलेल्या भांड्यावरचं नाव वाचायचं नाही. ‘का?’ असंही विचारायचं नाही.

गलबत गावासमोरच सात वाव खोल पाण्याखाली पडलं होतं. पाणबुडे कमरेला दोर बांधून उतरत, तांब्यापितळेची भांडी वर आणत. वडीलधारे कानशीनं नाव घासून काढत. नाव गेलं की भांडं गावाचं! मात्र ते रिकामं ठेवायची कुणाची छाती नव्हती. रिकामं झालं, की पाण्याखाली कुणी श्वास सोडावा तसा आतून आवाज येई.

दर बाजाराला पलीकडच्या काठावरची एक म्हातारी होडीनं येई. विचारी, “माझ्या लेकीच्या, हौसेच्या वऱ्हाडाचं गलबत कुणी पाहिलं का?”

“नाही गो बाय,” वडीलधारे म्हणत आणि तिला प्यायला पाणी देत. त्याच घासलेल्या तांब्यातून.

गावात एक पाणबुडी पोरगी होती, शाळा शिकलेली. तिला पाणबुड्यांच्या म्होरक्यानं, म्हाताऱ्या तांडेलानं सांगितलं, “मोठी घागर तेवढी राहिलीय. काढून आण.”

ती उतरली. गलबताच्या पोटात मिट्ट काळोख. चिखलात हाताला घागर लागली, घागरीवर अक्षरं लागली. बोटांनी वाचू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. ‘चि. हौसा हिस, आईकडून.’

तेवढ्यात तिला जाणवलं, पलीकडूनही कुणाची तरी गार बोटं तीच अक्षरं सावकाश चाचपताहेत.

पोरीनं घागर सोडली नाही. ‘पोचवते,’ ती मनात म्हणाली. पलीकडची बोटं सुटली.

काठावर वडीलधाऱ्यांबरोबर तांडेल कानस घेऊन बसलाच होता. “ठेव इथं.”

“मी वाचलंय, आजोबा.”

“चार बुकं काय शिकलीस, लागली शहाणपण शिकवायला! अगं, म्हातारी ऐकून जागीच मरेल. न कळण्यातच तिचं सुख आहे.”

“तिचं की आपलं? तिच्या लेकीचं रुखवत आपण घरोघर मांडलंय!”

“एक नाव फुटलं तर सगळी भांडी परत द्यावी लागतील.”

“मग द्या! ही घागर मी देणार नाही. तिच्या आईकडे नेणार. अडवायचं तर अडवा. पण आधी तुमच्यातल्या एकानं तरी हे नाव मोठ्यानं वाचून दाखवा.”

तिनं घागर त्यांच्यासमोर धरली. तांडेलानं मान खाली घातली. बाकीचे खाडीकडे पाहत राहिले. पोरगी घागर घेऊन होडीत बसली आणि पलीकडच्या काठाकडे निघाली.

तात्पर्य: ज्या नियमाला ‘का’ सोसत नाही, त्याच्या तळाशी कुणाचं तरी नाव गाडलेलं असतं.